वाडीच्या भाविकाला नवा महामार्ग नको, खिद्रापूरचा रस्ता दाखवा

शक्तिपीठ महामार्गाच्या यादीत आपल्या नृसिंहवाडीचं नाव घातलंय. वर्ध्याच्या पवनारपासून सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटर, खर्च 86 हजार कोटींच्या घरात. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, कोल्हापूर जिल्ह्यातलं भूसंपादन रद्द झाल्याचं सांगितलं. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पासाठी 20 हजार कोटींहून जास्त रकमेला मंजुरी दिली. शेतकरी पुन्हा रस्त्यावर. आणि कारण काय सांगतात? भाविकांची सोय!

कुठल्या भाविकानं मागितला हो हा महामार्ग? रत्नागिरी-नागपूर महामार्ग आहेच. जयसिंगपूरहून वाडी अर्ध्या तासावर. इथवर येणं अवघड नाही. आलेला माणूस दर्शन घेतो, बासुंदी आणि कवठाची बर्फी बांधून घेतो आणि दोन तासांत गाडी माघारी फिरवतो. आपलं दुखणं हे आहे. महामार्गानं ते बरं होणार नाही, उलट माणूस अजून लवकर जाईल.

त्याला थांबवायचं तर वाडीपासून खिद्रापूरपर्यंतचा रस्ता दाखवा. जेमतेम 20 किलोमीटर. पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड. पटवर्धनांचं संस्थान, संगमावर सेनापती संताजी घोरपडेंची समाधी. पुढं दोन्ही बाजूंना ऊस आणि काळी रानं. याच पट्ट्यात हेरवाड आहे, जिथल्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि अख्ख्या राज्याला विचार करायला लावलं. शेवटी कृष्णेच्या वळणावर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. 48 खांबांचा स्वर्गमंडप, मधोमध उघडं गोल छत, वर थेट आभाळ. महादेवाच्या देवळात नंदी नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकातल्या यडूरला आहे, असं आपल्याकडं सांगतात. डोंगर चढायची हौस असेल तर बाहुबलीची कुंभोजगिरी आहे, आळत्याचं रामलिंग आहे. घाटावरच्या दहा भाविकांना विचारून बघा, यातलं किती जणांना माहीत आहे ते.

आयर्लंडनं 2014 साली ‘वाइल्ड अटलांटिक वे’ नावाचा मार्ग जाहीर केला. लांबी सुमारे 2500 किलोमीटर. नवा महामार्ग बांधला नाही. शेतांतून, जुन्या दगडी अवशेषांजवळून, डोंगरांच्या कडेनं जाणारे होते तेच गावरस्ते जोडले, ठिकठिकाणी एकाच खुणेचे फलक लावले, नकाशा दिला. आज जगभरातले लोक तिथं मुद्दाम हळू गाडी चालवायला जातात. गाडी हळू चालली की माणूस थांबतो, आणि थांबला की गावात पैसा पडतो. साधं गणित आहे.

आता पुराचं. 2005, 2019, 2021. शिरोळ तालुक्याला हे आकडे पाठ आहेत. आपल्याकडं पाणी चढतं तेव्हा पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडतं. देवानंसुद्धा पाण्याला वाट ठेवलीय! आणि आपण कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्यात भराव टाकायचा? पाणी अडलं की ते कुणाच्या घरात शिरणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

काहीजण म्हणतील, मोबदला चांगला मिळतोय, तुम्ही विकासाला आडवे येताय. गरजू शेतकऱ्याला तो पैसा मोठा वाटणार, हे मान्य. पण मोबदला एकदाच मिळतो, रान दर वर्षी पिकतं. दोन एकरवाल्याचं एक एकर गेलं की उरलेल्यात संसार चालत नाही.

म्हणून मागणी चारच गोष्टींची. वाडी ते खिद्रापूर रस्ता पक्का आणि साइडपट्ट्या भरलेल्या हव्यात. हंगामात उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर सक्तीचा करा. वाडीच्या घाटापासून खिद्रापूरपर्यंत एकसारखे फलक लावा. आणि वाटेवर स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी आणि बचत गटाच्या बायकांना भाकरी-वांग्याचं दुकान टाकायला जागा द्या. यासाठी कुणाचा सात-बारा कोरा करावा लागत नाही. 86 हजार कोटी तर नाहीच नाही.

आमदार-खासदारांनी वाडीच्या नावावर महामार्ग मागण्याआधी एकदा स्वतः गाडीनं खिद्रापूरला जाऊन यावं. काचा खाली करून. पटत असेल तर पोस्ट पुढं पाठवा. पटत नसेल तर खाली लिहा, पण आधी सांगा, तुमचं रान त्या आखणीत येतं का?