उचल, जॉइनिंग बोनस आणि एक रडका फोटो

तुमच्या ऑफर लेटरमध्ये 'जॉइनिंग बोनस' असतो ना? आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ : वर्षाच्या आत नोकरी सोडली, तर रक्कम परत करावी लागेल. आमच्या खान्देशात या प्रकाराला 'उचल' म्हणतात. फरक इतकाच, की इथे लेटर नसतं. मुकादमाच्या वहीत नाव आणि आकडा असतो, आणि ती वही मुकादमाच्याच पिशवीत असते!

दसरा-दिवाळीच्या सुमाराला साक्री, नवापूर, चाळीसगाव या पट्ट्यातून माणसं ऊसतोडीला निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, तर बरीचशी दक्षिण गुजरातेत; बारडोली, मढी, चलथाण या साखर कारखान्यांच्या भागात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. म्हणजे एचआरच्या भाषेत माणसं दोन, पोझिशन एक. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, कारण तेव्हा घरात दाणा नसतो. मग पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात हिशेब करायचा. उचल वजा (काही ठिकाणी तर दीडपटीनं वजा), मधे घेतलेली खर्ची वजा, धान्य वजा... उरेल ते हातात. ज्या एप्रिल-मेमध्ये तुमचं अप्रेझल चालू असतं, त्याच दिवसांत त्यांचा हा हिशेब होत असतो.

अशा स्थलांतरित मजुरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी 'हेड, फंडरेझिंग अँड कम्युनिकेशन्स' आहे. व्हिजिटिंग कार्डावर एकदम भारी दिसतं. घरचे मात्र अजूनही विचारतात, "म्हणजे नेमकं काय करतेस गं तू?" सोप्या मराठीत सांगायचं, तर पैसे मागते आणि पैसे मिळावेत म्हणून गोष्टी सांगते. टार्गेट तुमच्यासारखंच, एक्सेल शीट तुमच्यासारखीच, मार्च महिन्यातली झोपेची बोंबही तुमच्यासारखीच. फक्त आमचं टार्गेट हुकलं, तर इन्सेंटिव्ह जात नाही, हेल्पलाइनवर बसणाऱ्या मुलीचा पगार जातो.

आता ही दोन्ही कामं एकाच खुर्चीत असण्यात एक गोची आहे. कोणत्या गोष्टीला पैसे मिळतात, हे दोन-तीन महिन्यांतच कळतं. आणि मग तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा मोह होतो.

मध्यंतरी एका कंपनीतल्या सीएसआर मॅनेजरचा फोन आला. प्रपोझल आवडलं होतं, बजेटही पटलं होतं. "फक्त मॅडम, फोटो जरा बदला ना. हे सगळे नुसते वही घेऊन बसलेत. जरा इमोशनल काही नाही का? एखादं लहान मूल वगैरे... रडणारं?"

माणूस वाईट नव्हता. त्यालाही वर कुणाला तरी प्रेझेंटेशन द्यायचं होतं, आणि रडणारं मूल एका स्लाइडमध्ये बसतं. आमच्या फोटोतली वही बसत नाही. तिच्याबद्दल चार वाक्यं बोलावी लागतात.

त्याच हंगामात साक्री तालुक्यातल्या एका बाईंचा फोटो मी वार्षिक अहवालासाठी मागितला होता. चेहरा बोलका, हातात कोयता, मागे उसाचा फड. कुठल्याही डोनरनं पाच सेकंदांत 'ओके' म्हटलं असतं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, हा फोटू मुकादम पाहील का?"

हा प्रश्न मला कम्युनिकेशनच्या कुठल्याच वर्कशॉपमध्ये कुणी विचारला नव्हता. आपल्याकडे 'कन्सेंट फॉर्म' असतो, त्यावर सही किंवा अंगठा असतो, फाइल पूर्ण होते. पण अहवाल छापला, त्याचं पान कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, ते फिरत फिरत बारडोलीला पोचलं आणि 'ही बाई संस्थावाल्यांकडे तक्रारी करते' असा बोभाटा झाला, तर पुढच्या वर्षी त्या कोयत्याला उचल मिळणार नाही. म्हणजे पावसाळ्यात दाणा नाही. आमच्या एका फोटोची किंमत ही असू शकते, आणि ती आम्ही भरणार नसतो.

तो फोटो आम्ही छापला नाही. मॅनेजरसाहेबांना मी वहीचाच फोटो परत पाठवला, सोबत चार वाक्यं लिहून. त्या वर्षी त्यांच्या कंपनीनं दुसऱ्या संस्थेला पैसे दिले.

फोटोची ताकद मी नाकारत नाही. ८ मे २०२० आठवतोय? जालन्यातल्या एका स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळांच्या कडेनं चालत निघाले होते. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा तो फोटो देशभर पोचला, आणि पाहणारा प्रत्येकजण हादरला. ते निघाले होते कुठे? आमच्या जळगाव जिल्ह्यात, भुसावळला. तिथून घरी जाणारी श्रमिक ट्रेन मिळेल, या आशेवर.

पण त्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही. जे वाचले, त्यांनी नंतर सांगितलं, की गावी जाण्याच्या पाससाठी अर्ज केले होते आणि उत्तर आलं नव्हतं. म्हणजे गाडी कुठून सुटते, अर्जाचं काय झालं, निघायचं की थांबायचं, हे सांगणारं माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला हवं होतं. आम्ही फंड मागतो तो नेमका अशा माणसासाठी. आणि सगळ्यात अवघड मिळतो तोही यासाठीच. कारण वेळेवर उत्तर मिळालं, की काहीच घडत नाही. आणि काहीच न घडण्याचा फोटो कसा काढणार?

बरं, पैसे नाहीत असं नाही. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामाला देणं भाग पाडलं. पण त्याच कायद्यात असंही म्हटलंय, की कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं. वाचायला छान आहे. प्रत्यक्षात मुंबई-पुण्याच्या आसपास संस्थांची आणि पैशांची गर्दी, आणि धुळ्याला आम्ही ईमेल पाठवत बसलेलो. त्यात स्थलांतरिताचं दुखणं निराळंच. गुजरातेतली कंपनी म्हणते, हे महाराष्ट्राचे. इथली म्हणते, ते तर सहा महिने इथे नसतातच. दोन्हीकडे राबणारा माणूस कुणाच्याच 'लोकल एरिया'त नाही!

गंमत बघा. सुरतहून निघणारी तापीकाठची रेल्वेलाइन बारडोली, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला येते. त्यातल्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. नाव होतं 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'. आज तिला तुम्ही विप्रो म्हणता. तिचे शेअर्स सांभाळून ठेवणारी अमळनेरची साधी माणसं पुढे कशी श्रीमंत झाली, हे किस्से तुम्ही ऐकले असतील. आणि अझीम प्रेमजी देशातल्या सर्वात मोठ्या दात्यांपैकी एक. म्हणजे ज्या लाइनवरून कोयते बारडोलीला जातात, त्याच लाइनवर आयटीचा आणि दानाचा एवढा मोठा इतिहास आहे. हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये खान्देशी मित्र भेटला, की मी ही गोष्ट हमखास सांगते. तो आधी "काय सांगते!" म्हणतो, आणि मग खिशात हात घालतो.

आता त्या वहीबद्दल. आम्ही हंगामाआधी प्रत्येक कोयत्याला एक वही देतो. तारीख, किती टन तोडला, खर्ची किती घेतली, मुकादमाकडून काय मिळालं. बस्स. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं शाळेत जाणारं पोरगं लिहितं, नाहीतर आमचा कार्यकर्ता फोनवर विचारून लिहून ठेवतो. हिशेबाच्या दिवशी मुकादमाच्या वहीसमोर दुसरी वही असते. भांडण होतंच, पण आकड्यांवर होतं.

वहीची किंमत तुमच्या एका कॉफीपेक्षा कमी. पण ती लिहायला शिकवणारा, फडावर जाणारा, रात्री फोन उचलणारा माणूस पगारी असतो. इथे डोनर म्हणतो, "सॅलरीज? सॉरी, आम्ही अ‍ॅडमिन कॉस्ट देत नाही." परदेशी देणग्यांच्या कायद्यातही २०२०च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. उधळपट्टी नको, मान्य. पण जिथे माणसाचं उत्तर हीच सेवा आहे, तिथे माणसाचा पगार म्हणजे वरखर्च नव्हे, मूळ खर्च.

आणि अशा रुक्ष कामाचा उपयोग होतो. गुजरातेत ऊसतोडणीचा किमान दर बरीच वर्षं टनाला २३८ रुपये होता. मजूर संघटनांनी मागणी लावून धरली, आणि २०२३मध्ये तो दुप्पट, म्हणजे ४७६ रुपये झाला. कागदावरचा दर हातात पडतो का, हे बघायला पुन्हा वहीच लागते.

तेव्हा मी आता मागणीच बदलली आहे. दिवाळीला एकरकमी पाच हजार देण्यापेक्षा महिन्याला तीनशे द्या, असं सांगते. एसआयपी करता ना, तसंच. कारण पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि फोन हंगामभर वाजतो. अशा छोट्या मासिक देणग्यांमधूनच, बरेचसे देणारे पुण्यात नोकरी करणारे खान्देशी, हेल्पलाइनवरच्या त्या मुलीचा पगार आता निघतो. त्यातल्या एकानंही रडणारं मूल मागितलेलं नाही. एकानं मात्र वहीच्या पानाचा फोटो मागितला आणि बेरीज चुकलेली दाखवून दिली!

कुठल्याही संस्थेला पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. फोटोतल्या माणसाला हा फोटो कुठे छापलाय, हे माहीत आहे का? माझ्या पैशातून कुणाचा पगार होतो, आणि तो दिवसभर काय करतो? आणि मजुरानं रात्री नऊला फोन केला, तर कोण उचलतं? उत्तरं गोलमोल आली, तर खुशाल दुसरी संस्था शोधा. आम्हालाही हेच प्रश्न विचारा.