सैतानाला घराची वाट कोण दाखवतं?

भुताखेतांचे चित्रपट आपल्याकडे दोन तऱ्हांनी पाहिले जातात. मुलं चादरीआडून पाहतात आणि मोठी माणसं नाक मुरडून उठून जातात. मलाही त्यांची फारशी ओढ नाही. तरीही ‘द एक्झॉर्सिस्ट’ची गोष्ट वेगळी आहे. तो पाहून उठल्यावर मला भुताची भीती वाटली नाही, आठवत राहिली ती एक म्हातारी.

विल्यम फ्रिडकिन यांचा हा चित्रपट २६ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकेत झळकला. तो विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या १९७१ च्या कादंबरीवर बेतलेला. पटकथाही त्यांचीच आणि तिला ऑस्कर मिळालं. १९४९ साली एका मुलाला ‘झपाटल्या’ची बातमी वर्तमानपत्रात आली होती. विद्यार्थी असताना वाचलेली ती बातमी ब्लॅटींच्या डोक्यात राहिली, आणि तिच्यातून पुढे ही कथा आली.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात राहणाऱ्या एका नटीची बारा वर्षांची मुलगी रीगन विचित्र वागू लागते. गरगर फिरणारी मान, हिरवी ओकारी, हलणारा पलंग हे सारं ऐकून सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण तिची आई आधी डॉक्टरांचेच उंबरे झिजवते, हे सहसा कुणी सांगत नाही. मानेत सुई खुपसून मेंदूची तपासणी होते तो प्रसंग सैतानाच्या करामतींहून अंगावर येतो. सगळे उपाय थकतात तेव्हा डॉक्टरच धर्मविधी सुचवतात, तोही मनाला बसणारा एक धक्का म्हणून.

तिथे येतो फादर कॅरस. तो धर्मगुरू आहे आणि मानसोपचारतज्ज्ञही. त्याची आई न्यूयॉर्कमधल्या जुन्या घरात एकटी राहते. पाय अधू झालाय, पण घर सोडायला ती तयार नाही. पदरी पैसा नसल्यामुळे तिला सरकारी इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागात ठेवावं लागतं. बाहेर डॉक्टरकी केली असतीस तर आईवर ही वेळ आली नसती, असं मामा त्याला सुनावतो. पुढे ती जाते तेव्हा मुलगा जवळ नसतो.

आता सैतानाचं काम सोपं झालं. तो कॅरसच्या आईच्या आवाजात बोलतो, तिचं रूप घेतो. मोठमोठे ग्रंथ पचवलेला हा माणूस तिथे ढासळतो. वृद्ध फादर मेरिन त्याला खोलीबाहेर पाठवतात. आपल्या परंपरेनं माणसाचे सहा शत्रू मोजले, पण त्या षड्रिपूंत अपराधीपणाची गणती नाही. सैतानाला मात्र नेमकी तीच फट सापडते. आई-वडील गावी आणि मुलं परदेशी, अशी घरं आज आपल्या ओळखीत कमी नाहीत. ही फट तिथे कुणाला दाखवायला नको.

२००० साली चित्रपट पुन्हा आला, तेव्हा आधी वगळलेला एक संवाद त्यात होता. हे सगळं कशासाठी, या प्रश्नावर मेरिन म्हणतात ते थोडक्यात असं, की माणसानं हताश व्हावं, स्वतःची किळस करावी, एवढंच सैतानाला हवं असतं. मला वाटतं, चित्रपटाचा गाभा इथे आहे. अपराधीपणाची टोचणी माणसाला कामाला लावू शकते. तिची हताशा झाली, की ती गेलेल्या आईच्या कामाची नसते आणि समोरच्या मुलीच्याही नाही. कॅरस खोलीत परत जातो, सैतानाला स्वतःवर ओढून घेतो आणि खिडकीतून स्वतःला झोकून देतो. आईसाठी करता आलं नाही, ते तो परक्या लेकरासाठी करतो.

एक गोष्ट मात्र पडद्यावरच राहू द्यावी. रीगनला पलंगाला बांधलेलं दिसतं. आपल्याकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरला आहे. घरातलं आजारपण डॉक्टरांकडेच न्यायचं.

आणि मनातल्या सैतानाचं काय? ज्यांची आई अजून गावाकडे वाट पाहते आहे, त्यांना कॅरससारखी उडी घ्यावी लागणार नाही. गावाकडची पुढची गाडी पकडली तरी पुरे.