कृतज्ञता : जाणणे आणि फेडणे

स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर ‘ऋणनिर्देश’ नावाचे एक सदर असते. त्यात देणगीदारांची नावे येतात, मान्यवरांची येतात, मुद्रकाचेही नाव येते. ते योग्यच आहे. परंतु निवासी शाळेत वाढलेल्या कोणत्याही माणसाने डोळे मिटून आपले बालपण आठवले, तर प्रथम समोर येतात ती माणसे या यादीत सहसा नसतात. पहाटे चारला उठून दीडदोनशे मुलांच्या भाकरी थापणाऱ्या मावशी, तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढणारे अधीक्षक, आणि मुलाला वसतिगृहाच्या दाराशी सोडून मागे वळून न पाहता निघून गेलेली आई. आपण कृतज्ञता कोणाविषयी, कशासाठी आणि कशा रीतीने बाळगावी, याचा विचार एका बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत तरी मोकळेपणाने व्हायला हवा.

आपले काही माजी विद्यार्थी आज अमेरिकेत आहेत. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ साजरा होतो. कुटुंबे एकत्र जेवतात आणि आयुष्यात जे लाभले त्याबद्दल आभार मानतात. यादवी युद्ध चालू असताना १८६३ साली अब्राहम लिंकन यांनी हा दिवस सर्व देशाने पाळावा, असे जाहीर केले. कल्पना सुंदर आहे. तथापि त्याच दिवशी, १९७० सालापासून, तेथील काही मूलनिवासी लोक प्लिमथ येथे जमून शोकदिन पाळतात, कारण वसाहत करणाऱ्यांना धान्य पिकवायला ज्यांनी शिकवले त्यांचीच भूमी पुढे हिरावली गेली. ताटातले अन्न कोणाच्या वाट्यातून आले, याचे स्मरण सुटले की आभाराचा सण नुसती मेजवानी होऊन बसतो.

आपल्या समाजाला तर ‘उपकार’ या शब्दाचीच एक कडू चव माहीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या श्रमाचा मोबदला आपल्याला उपकार म्हणून देण्यात आला. गावकीची कामे करून मिळालेली शिळी भाकर उपकार होती आणि वरून ओंजळीत ओतलेले पाणीही उपकारच होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. तरीही १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना हजारो माणसांसह जावे लागले, ते पाणी हा आपला हक्क आहे हे कृतीने सांगण्यासाठी. म्हणून शिष्यवृत्ती, राखीव जागा किंवा निवासी शाळेचे अनुदान यांविषयी कोणी ‘उपकाराची जाणीव ठेवा’ असे सुनावले, तर ताठ मानेने सांगावे की हा आमचा हक्क आहे.

मात्र हक्क शासनाकडून मिळाला, तरी तो मिळवून देणारी माणसे असतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मंजूर झाला आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या वर्षांत मराठवाड्यात आपल्या माणसांची घरे जळाली, माणसे मारली गेली. आज पदवीच्या प्रमाणपत्रावर बाबासाहेबांचे नाव पाहताना विद्यापीठ प्रशासनाचे आभार मानण्याची गरज नाही. त्या जळालेल्या घरांचे ऋण मात्र आपल्यावर आहे. हक्क देणाऱ्यापुढे वाकू नये आणि हक्कासाठी झिजलेल्यांना विसरू नये, एवढे तारतम्य आपल्यापाशी असले पाहिजे.

धम्माने या बाबतीत दोन शब्द दिले आहेत : कतञ्ञू आणि कतवेदी. आपल्यासाठी कोणी काय केले हे जाणतो तो कतञ्ञू. ते जाणून कृतीने प्रकट करतो तो कतवेदी. अंगुत्तर निकायात अशी माणसे जगात दुर्मीळ असल्याचे सांगितले आहे, आणि मंगल सुत्तात कृतज्ञतेची गणना उत्तम मंगलांमध्ये केली आहे. ही कृतज्ञता किती बारीक असावी, याची एक कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. राध नावाचा एक वृद्ध ब्राह्मण विहारात पडेल ते काम करून राहत होता. त्याला प्रव्रज्या हवी होती, पण ती द्यायला कोणी पुढे होईना. याने केलेले काही उपकार कोणाला आठवतात काय, असे भगवंतांनी विचारले. तेव्हा सारिपुत्तांनी सांगितले, की राजगृहात भिक्षाटन करताना याने मला एकदा पळीभर अन्न वाढले होते. अग्रश्रावक म्हणून गौरविलेल्या महास्थविरांना एक पळी अन्न आठवत होते, आणि त्या आठवणीखातर त्यांनी राधाला प्रव्रज्या दिली. आपल्या भोजनगृहात किती वर्षे, किती हजार पळ्या आपल्याला वाढल्या गेल्या, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आईवडिलांविषयी तर तथागतांचे वचन अधिकच गंभीर आहे. एका खांद्यावर आई आणि दुसऱ्या खांद्यावर वडील घेऊन कोणी शंभर वर्षे त्यांची सेवा केली, तरी त्यांचे ऋण फिटत नाही. मात्र श्रद्धा नसलेल्या आईवडिलांना जो श्रद्धेत, आणि त्याचप्रमाणे शीलात, दानात व प्रज्ञेत स्थिर करतो, त्याने त्यांच्यासाठी खरोखर काही केले असे म्हणता येते. येथे श्रद्धेचा अर्थ आंधळा विश्वास असा नाही. पारखून घेतलेल्या मार्गावरचा भरवसा म्हणजे श्रद्धा. आपल्या घरांत मात्र एक नवल आहे. आपल्यापैकी अनेकांना ही श्रद्धा आईवडिलांकडूनच मिळाली. अक्षरओळख नसलेल्या आईने त्रिसरण-पंचशील पाठ करून घेतले, रोजंदारीवरच्या बापाने वर्गणी देऊन गावात विहार उभे केले. त्यांनी श्रद्धा, शील आणि दान आपल्याला दिले. चौथी गोष्ट, म्हणजे ग्रंथातून येणारे ज्ञान, त्यांना नाकारले गेले होते. ते मिळवण्यासाठीच त्यांनी आपल्याला या शाळेत पाठवले. मग ऋण फेडायचे ते याच ठिकाणी नव्हे काय?

बाबासाहेबांचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. कोणापुढेही न वाकणारा हा महापुरुष ऋण मान्य करताना कधी संकोचला नाही. शूद्रांविषयीचा ग्रंथ १९४६ साली त्यांनी महात्मा फुले यांच्या स्मृतीस अर्पण केला. अस्पृश्यांविषयीचा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. त्यांतील चोखोबांचे जन्मगाव जालन्याशेजारच्या देऊळगाव राजाजवळील मेहुणा राजा मानले जाते. पाकिस्तानविषयीच्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत माता रमाईंचे नाव आहे. आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत, विझत चाललेली आपली जीवनज्योत पत्नी डॉ. सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे पुन्हा तेवली, असे त्यांनी कृतज्ञतेने नमूद केले. ग्रंथ वाचून मुद्रिते तपासणारे म. भि. चिटणीस, म्हणजे आपल्या मराठवाड्यातील मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि हस्तलिखित टंकलिखित करणारे नानकचंद रत्तू व प्रकाशचंद यांचेही त्यांनी नावानिशी आभार मानले.

१९५७ साली ग्रंथ प्रकाशित झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी १९८० साली ती प्रकाशात आणली. म्हणजे बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले आभार वाचकांपर्यंत पोहोचायला दोन तपांहून थोडाच कमी काळ लागला, आणि त्या काळात माईसाहेबांना आपल्याच समाजाचा संशय सोसावा लागला. बाबासाहेबांवरील आपल्या श्रद्धेविषयी कोणालाच शंका नाही. पण ज्यांचे आभार त्यांनी मानले त्यांच्याशी आपण कसे वागलो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. श्रद्धेला कृतज्ञतेची जोड नसेल, तर ती माणसावर अन्याय करू शकते.

ज्यांची नावे गाळली जातात त्यांचे हित पाहणे, ही धम्माची जुनी रीत आहे, आणि तिचा पुरावा आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आढळतो. त्या लेखांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत आणि साध्या गृहिणीही आहेत. एखादा दगड देणाऱ्याचे नावसुद्धा गावासह कोरले गेले, म्हणूनच दोन हजार वर्षांनंतर केळना नदीकाठच्या या गावाचा धम्माशी असलेला संबंध आपल्याला कळतो.

आज त्याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाड्या भरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना त्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात ती उन्हाळा लागेपर्यंत. नेमका हाच काळ आपल्या धम्मदिनदर्शिकेत कृतज्ञतेचा आहे. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, पवारणा होते, आणि पुढच्या महिन्यात उपासक भिक्षुसंघाला कठिन चीवरदान देतात. पवारणेच्या दिवशी भिक्षू एकमेकांना विनंती करतात, की माझ्या वागण्यात काही दोष दिसला, ऐकला किंवा जाणवला असेल तर मला सांगा. कृतज्ञतेच्या ऋतूची सुरुवात या विनंतीने व्हावी, यात मोठे शहाणपण आहे. माजी विद्यार्थ्यानेही आईला, शाळेला आणि गावाला हाच प्रश्न विचारावा.

या पार्श्वभूमीवर तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पुढील स्मरणिकेत भोजनगृहातील मावशी, पहारेकरी, सफाई कामगार आणि अधीक्षक यांची नावे, त्यांच्या संमतीने, सेवाकाळासह छापावीत. मुलांच्या नोंदीत वडिलांसोबत आईचेही नाव असावे. दुसरी, प्रत्येक माजी विद्यार्थ्याने एका ऊसतोड कुटुंबातील मुलाचा किंवा मुलीचा हंगामातील सहा महिन्यांचा भार उचलावा. तो देताना ‘उपकार’ हा शब्द उच्चारू नये, कारण शिक्षण त्या मुलाचा हक्क आहे आणि आपण फेडतो आहोत ते आपलेच ऋण.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी खर्चाची आणि कदाचित सर्वांत अवघड. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या तीन महिन्यांत आपल्या आईला किंवा वडिलांना रोज दोन पाने आपण स्वतः वाचून दाखवावीत. परगावी असणाऱ्यांनी दूरध्वनीवरून वाचावीत. अमेरिकेत असणाऱ्यांना वेळेचा मेळ घालावा लागेल, तो घालावा. आईने मध्येच थांबवून एखादा शब्द विचारला, तर घाई न करता समजावून सांगावा. आणि वाचनाचा आरंभ त्या मागे राहिलेल्या प्रस्तावनेपासून करावा, म्हणजे पहिल्याच दिवशी तिच्या कानावर पडेल की बाबासाहेबांनीही आपल्या माणसांचे ऋण नावे घेऊन मान्य केले होते.