‘पाण्याचा अंदाज’ येणार कसा?

‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ हे चार शब्द मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना पाठ झाले आहेत. जोडून सुट्ट्या आल्या, की कोकणातल्या कुठल्या तरी किनाऱ्यावरून बुडाल्याची बातमी येते. त्यात हे चार शब्द असतातच. आपण ‘अतिउत्साह नडला’ म्हणतो आणि पान उलटतो.

मला हा निष्कर्ष पटत नाही. पाण्याचा अंदाज यावा, असे त्या मुलांना कुणी काही शिकवले होते का? २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळही नव्हते. घाटावरच्या माणसाला समुद्र वर्षातून एकदा भेटतो आणि शाळेत तो भूगोलाच्या नकाशापुरता असतो. अशा माणसाला पाणी वाचता येत नाही, यात त्याचा दोष किती?

किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा धोका लाट नसून परत जाणारे पाणी आहे. लाटा वाळूच्या बुडालेल्या बांधांवर फुटतात आणि पाणी किनाऱ्याकडे ढकलतात. ते साचलेले पाणी समुद्रात परत जायला वाट शोधते. बांधात जिथे खिंड असेल तिथून ते अरुंद पट्ट्याने वेगात आत जाते. इंग्रजीत याला ‘रिप करंट’ म्हणतात, आपण ‘ओढ’ म्हणू. जोरदार ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. ऑलिम्पिकमधला जलतरणपटू शंभर मीटर अंतर साधारण त्याच वेगाने कापतो. तरणतलावात चार फेऱ्या मारणाऱ्याने तिच्याविरुद्ध पोहून किनारा गाठणे जवळपास अशक्यच.

गंमत, खरे तर शोकांतिका, अशी की हा पट्टा दिसायला सर्वांत सुरक्षित वाटतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फेसाच्या लाटा फुटत असतात आणि मधल्या गडद, शांत पाण्यात लाट फारशी फुटत नाही. लहान मुलांना घेऊन आलेले कुटुंब नेमके तिथे उतरते.

ओढ माणसाला खाली खेचत नाही, ती आत वाहून नेते. माणूस बुडतो तो घाबरून, किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दमल्यामुळे. म्हणून पाय सुटले तर पहिले काम म्हणजे झुंज थांबवणे. उताणे होऊन तरंगा, श्वास सांभाळा, हात वर करून मदत मागा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओढीच्या पट्ट्याबाहेर पडलात, की फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने किनाऱ्याकडे या.

ही ओढ साधारणपणे ओहोटीच्या सुमारास अधिक जोर धरते. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीचे पाणी स्वतंत्रपणेच वेगाने बाहेर पडते. कोकणात भरतीचा जुना ढोबळ हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास; त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक चढउतार होतो. नेमकी वेळ मोबाइलवर मिळते, पण आपण हॉटेलचे बुकिंग बघतो आणि भरतीचे वेळापत्रक बघत नाही.

दुसऱ्याला वाचवतानाही भान हवे. एकापाठोपाठ दोघे-तिघे भाऊ बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या यामुळेच. स्वतः उडी मारण्याआधी तरंगणारे काहीही फेका: रिकामा कॅन, झाकण लावलेल्या मोठ्या बाटल्या, चेंडू. आरडाओरडा करून जीवरक्षकाला आणि स्थानिक कोळी बांधवांना बोलवा, ११२ला फोन लावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. बुडालेल्याला प्राणवायू हवा असतो. तो श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब द्या आणि मदत येईपर्यंत हे चालू ठेवा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच; फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देऊ शकते.

हे सारे प्रत्येकाने शिकावे, पण तेवढ्यावर सोडून चालणार नाही. ‘येथे पोहणे धोकादायक आहे’ असा गंजलेला फलक लावला, की प्रशासनाची जबाबदारी संपते असे समजले जाते. धोका कुठे, कधी आणि कशामुळे, हे तो फलक सांगत नाही. शेजारच्या गोव्यात २००८पासून प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी आहे. कुठे उतरावे आणि कुठे नाही, हे तिथे झेंडे सांगतात. कोकणात मात्र अनेक किनाऱ्यांचा भार ग्रामपंचायतीने तुटपुंज्या मानधनावर नेमलेल्या एक-दोघांवर असतो. पर्यटनाचा पैसा जिल्ह्याला हवा, तर त्या पैशातून वर्षभराचे जीवरक्षक, रोज बदलणारे झेंडे आणि भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फळाही हवा. खडू आणि फळ्याला फार खर्च येत नाही.

सहलीची बस सुटण्यापूर्वी शाळा-महाविद्यालयांनी अर्धा तास काढून समुद्र समजावून सांगावा. अंदाज हा उपजत नसतो, तो कुणीतरी द्यावा लागतो. तो दिला नाही, तर पुढच्या सुट्टीनंतरची बातमी आजच लिहून ठेवता येईल. फक्त गावाचे आणि मुलांचे नाव तेवढे भरायचे राहील.