पवित्र शुक्रवारी पडद्यावर काय लावायचे?



गेली कित्येक वर्षे पवित्र शुक्रवारी क्रुसाची वाट आटोपली की आमच्या हॉलमध्ये मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' लागतो. यंदा तो लावू नये असे आम्ही बैठकीत सुचवले, तर वेदीवरचा क्रूस उतरवा म्हटल्यासारखे चेहरे झाले. म्हणून हे लिहितो आहोत.

गेल्या वर्षी सिनेमा सुटल्यावर चौथीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, ते ज्यू लोक आता कुठे राहतात?" का रे, म्हटले. "त्यांना धरून मारायला पाहिजे." डोळ्यांत पाणी होते त्याच्या. ते भक्तीचेच होते, आम्हाला मान्य आहे. पण मूठही वळलेली होती.

येशू, मरिया, पेत्र सगळे ज्यूच, हे त्याला आम्ही वर्षभर शिकवले होते. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनिवार तेल्यां'ची गोष्टही सांगितली होती. दोन तासांत सगळे पुसले गेले. दोष पोराचा नाही. त्या सिनेमात येशू दासाचा तुटलेला कान बरा करतो, मारणाऱ्यांसाठी क्षमाही मागतो; पण लक्षात चाबूकच राहतो, कारण सिनेमाने वेळ चाबकाला दिला आहे. शुभवर्तमाने उघडून पाहा. फटक्यांसाठी एका वाक्यापेक्षा जास्त जागा कुणीही दिलेली नाही.

"लोक रडतात, त्यांना पश्चात्ताप होतो," असे एक ज्येष्ठ म्हणाले. रडतात खरे. पण स्वतःच्या पापासाठी की दुसऱ्याच्या? जर्मनीतल्या ओबरामरगाव गावात १६३४ पासून दुःखसहनाचे नाटक होते. १९३४ साली हिटलरने ते पाहिले आणि पुढे त्याची वाखाणणी केली, ती ज्यूंविषयीच्या द्वेषापायी. तिथेही लोक रडतच असतील. येशूच्या मरणाचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले. आमच्या हॉलपर्यंत ते अजून पोचायचे आहे.

मग सिनेमाच नको, असेही काहीजण म्हणतात. त्यांच्या घरी रात्री आठला टीव्हीवर काय चालू असते ते आम्ही पाहिले आहे, तेव्हा तो विषय सोडू.

सिनेमा शांती शिकवू शकतो. 'ऑफ गॉड्स अँड मेन' हा २०१० सालचा फ्रेंच सिनेमा बघा. अल्जीरियातल्या तिबिरीन मठातले सात संन्यासी १९९६ साली पळवून नेले गेले आणि मारले गेले. निघून जाता येत असताना ते आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना सोडून गेले नव्हते. सिनेमात नाताळच्या रात्री बंदूकधारी मठात येतात, डॉक्टर असलेले ब्रदर ल्यूक आम्हाला द्या म्हणतात. मठप्रमुख नकार देतात, आज येशूच्या जन्माची रात्र आहे असे सांगतात. म्होरक्या माफी मागून हात पुढे करतो. नंतर त्याच म्होरक्याचे प्रेत ओळखायला मठप्रमुखांना बोलावतात. ते तिथे त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि लष्करी अधिकारी चिडतो. त्या अधिकाऱ्यात आम्हाला आम्हीच दिसलो. संन्याशांची हत्या पडद्यावर दाखवलेलीच नाही; ते बर्फातून चालत दिसेनासे होतात.

बेळगावच्या पोरांनी हे पाहायला हवे. बसवर दगड कुठल्या भाषेसाठी पडला ते त्यांना चौथीतच कळते. बसमध्ये कोण बसले होते, ते कुणी सांगत नाही.

अडचणी आहेत. सिनेमा फ्रेंच, खालची अक्षरे इंग्रजी. मध्ये थांबवून मराठीत सांगावे लागेल, ते आम्ही करू. कामगारांचे गळे चिरण्याचे एक दृश्य आहे, ते मुलांसमोर वगळू. फादरांनी अजून हो म्हटलेले नाही. रविवारी मिस्सानंतर पुन्हा बैठक आहे, ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनीही यावे. तो मुलगा आता पाचवीत आहे. प्रोजेक्टर लावायला मदत करीन म्हणाला आहे.