श्रद्धा, कर्म आणि पंडिता रमाबाई

धरमपेठेतील एका घरगुती अभ्यासवर्गात कर्मयोगावर चर्चा चालू असताना एका महाविद्यालयीन तरुणाने प्रश्न केला, "ख्रिस्ती मताप्रमाणे येशूवर श्रद्धा ठेवली की सारी पापे धुतली जातात. मग तेथे सदाचाराची आवश्यकता ती काय?" अनेकांनी माना डोलावल्या. प्रश्न चटपटीत होता, परंतु त्यामागील गृहीतक अपुरे होते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून या शहरात आहे. इतक्या दीर्घ सहवासानंतरही शेजाऱ्याचा मूळ सिद्धान्त आपणांस नीट ठाऊक नसावा, हे भूषणावह नाही. ज्याचे खंडन करावयाचे, त्याचा पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा, हा आपल्याच शास्त्रकारांचा दंडक आहे.

हा पूर्वपक्ष असा. जर्मनीतील मार्टिन ल्यूथर हा उपवास आणि जागरणे करून थकलेला मठवासी. इतके करूनही आपण ईश्वरापुढे निर्दोष ठरू, याची शाश्वती त्याला लाभेना. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याला उत्तर सापडले : मनुष्य स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही, नीतिमत्त्व ही ईश्वरी कृपा असून ती श्रद्धेने स्वीकारावयाची असते. १५१७ मध्ये त्याने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठविला आणि युरोपातील चर्च दुभंगले. परंतु त्याच बायबलात याकोबाचे पत्रही आहे आणि कृतीविना श्रद्धा मृतवत होय, असे ते बजावते. प्रॉटेस्टंट विचारवंत याची संगती अशी लावतात की सत्कर्म हे मुक्तीचे मूल्य नव्हे, तर मुक्तीचे फळ आहे. झाड जिवंत असेल तर ते फळणारच. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथॉलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. जवळजवळ पाच शतकांच्या वादानंतर उभयपक्षी बरेचसे मतैक्य झाले.

महाराष्ट्राला हा वाद पुस्तकी नाही. पंडिता रमाबाईंचे बालपण तीर्थाटन, व्रते, उपवास आणि दानधर्म यांत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्राज्ञा म्हणून जे जे करावयाचे ते केले. तरी १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. बाप्तिस्मा हेही एक कर्मच ठरले होते. श्रद्धेचा अनुभव आला तो सुमारे आठ वर्षांनी. आणि त्यानंतर त्या हात जोडून बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणून त्यांनी केडगावी आश्रय दिला. त्या संस्थेचे नावच 'मुक्ती'. तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर या चरित्रात आहे. रमाबाईंच्या धर्मांतराशी आपले मतभेद असोत. त्यांच्या कार्यापुढे नतमस्तक होण्यास ते आड येऊ नयेत.

हा पेच आपल्यालाही अपरिचित नाही. श्रीवैष्णव परंपरेत वडकलै पंथ माकडाच्या पिलाचा दृष्टान्त देतो : पिलाने आईला स्वतः घट्ट धरावे. तेनकलै पंथ मांजरीच्या पिलाचा : आईच उचलून नेते. आपल्या वारकरी संतांनीही भावशून्य कर्मकांडावर कोरडे ओढले. तेव्हा 'कृपा की कर्म' हा खरा मतभेद नव्हेच. खरा मतभेद निराळा आहे. कृपेचे द्वार एकच आणि ते एकाच ऐतिहासिक पुरुषाच्या नावाने उघडते, हा दावा हिंदू मनाला पटत नाही. ज्यांच्या कानी ते नाव कधी पडलेच नाही, त्या सज्जनांचे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये अशांनाही मुक्ती लाभू शकते असे मान्य केले. अनेक प्रॉटेस्टंट पंथ मात्र ते मानीत नाहीत. वाद करावयाचा तर येथे करावा.

आणखी एक मुद्दा नागपूरकरांना जवळचा. नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ साली, न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिच्या १९५६ च्या अहवालाभोवतीचा वाद अद्याप शमलेला नाही. परंतु ल्यूथरचा सिद्धान्तच प्रमाण मानला, तर निष्कर्ष उघड आहे. श्रद्धा ही ईश्वराची देणगी असेल, तर ती शाळेच्या शुल्कमाफीने किंवा औषधाच्या बाटलीने विकत घेता येत नाही. आणि सत्कर्म हे श्रद्धेचे सहज फळ असेल, तर प्रत्येक दवाखान्याकडे संशयाने पाहणे हाही अन्यायच.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, "त्यांचे पुस्तक आधी वाच, मग वाद घाल. वाद अधिक सकस होईल आणि आपली गीताही अधिक कळेल."