पातळी उतरवू नका!

ठाणे-डोंबिवलीतील अनेक घरांत बुद्धिबळाचा पट आता संगणकावर मांडला जातो. सर्वोच्च पातळी निवडणारा मुलगा रोज हरतो, चिडतो. मग पालक पातळी उतरवण्याचा सल्ला देतात. तो देऊ नये. १९९७ साली कास्पारोव्हसारखा जगज्जेता 'डीप ब्लू'कडून साडेतीन-अडीच असा पराभूत झाला. आज साध्या भ्रमणध्वनीवरील 'स्टॉकफिश'ही जगज्जेत्याला भारी पडतो. तेव्हा येथे विजयाचा प्रश्नच उद्भवत नाही. काल विसाव्या चालीला कोसळलेला डाव आज चाळिसाव्या चालीपर्यंत तगला, यातले समाधान सोप्या पातळीवरील दहा विजयांत कोठून येणार? अर्थात, हरलेला डाव पुन्हा मांडलाच पाहिजे. यंत्र चुकलेली चाल तत्क्षणी दाखवते. ती का सुचली, हे मात्र मुलालाच शोधावे लागते.